पडद्यासमोर मी ‘येस’ म्हणाले

जवळ ये जरा. हे वाचतानासुद्धा तू तिकडे बर्शाला सोफ्यावर पाय पसरून, एक डोळा टीव्हीवर ठेवून बसली असशील, मला माहीत आहे. बंद कर तो. एकाच दुबईत राहून मावशीकडे यायला तुला चार-चार महिने फुरसत होत नाही, त्याबद्दल मी काही बोलत नाही, तूच समज. पण परवा फोनवर म्हणालीस ना, “मावशी, तुझ्या हाताखाली वाढलेली पोर ती, तिला तू अडवलं कसं नाहीस? गप्प कशी बसलीस?” ते मला लागलं. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून लिहितेय. आता मधे बोलू नकोस.

गप्प नव्हते गं बसले. बसले असते तर बरं झालं असतं.

तुला घरातलं ठाऊक आहे, पण हे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. माझा मुलगा देराला एका शिपिंगच्या ऑफिसात. सून फिलिपिन्सची, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. ती जन्मापासून मॉर्मन. म्हणजे येशूलाच मानणारी माणसं, पण त्यांचे नियम वेगळे. दारू-सिगरेट नाही हे समजू शकते, पण चहासुद्धा नाही. मुलगा काही तिच्या पंथात गेला नाही, त्याचा गणपती त्याच्यापाशी. सून स्वतः थेंबभर चहा न पिता मला रोज सकाळी आलं घालून चहा करून देते आणि तोही चांगला करते. नात झाली तेव्हा सुनेला ड्युटीवर परत जायचं होतं, म्हणून मी गावाहून सहा महिन्यांसाठी इथे, अल कुसैसला आले. नात तेव्हा चाळीस दिवसांची होती. आज एकोणीस वर्षांची आहे. माझे सहा महिने अजून संपलेले नाहीत.

नात आईच्या वळणावर गेली. दर आठवड्याला आईबरोबर प्रार्थनेला जायची. मी म्हटलं, देवाचंच नाव घेतेय, जाऊ दे. त्यांच्यात महिन्यातून एकदा उपास असतो. आठव्या वर्षी तिने पहिल्यांदा उपास धरला, तेव्हा मी कौतुकाने साबुदाण्याची खिचडी केली, वरीचे तांदूळ केले, वर दाण्याची आमटी. ती ताटाकडे बघून म्हणाली, “आजी, धिस इज फूड.” त्यांना पाणीही चालत नाही म्हणे. सून तोंड दाबून हसत होती. खिचडी मीच खाल्ली.

तर त्यांच्यात पद्धत अशी आहे की मुलामुलींनी अठरा-एकोणिसाव्या वर्षी घर सोडून धर्माच्या कामाला जायचं. मुलींना सक्ती नाही, पण ज्यांना जायचं त्या दीड वर्षासाठी जातात. कुठे जायचं ते आपण निवडायचं नाही. अर्ज करायचा आणि वाट बघायची. पत्र येईल त्या देशात जायचं, तिथली भाषा शिकायची आणि दारोदार जाऊन बोलायचं. पत्र आलं तेव्हा आम्ही चौघं तिच्या लॅपटॉपभोवती बसलो होतो. तिने मोठ्याने वाचलं. फिनलंड.

मुलगा म्हणाला, “अगं, तिथे थंडीत दिवसच उगवत नाही.”

सून रडत रडत हसत होती. मी विचारलं, “तिथे कोण आहे आपलं?”

“नोबडी, आजी,” नात म्हणाली. “दॅट्स द पॉइंट.”

पूर्वी म्हणे अशा मुलांना लगेच परदेशातल्या मोठ्या ट्रेनिंग सेंटरला पाठवायचे. आता आधी घरीच, लॅपटॉपवर सुरुवात होते आणि मग पुढे नेतात. हिचा फिनलंडला राहायचा परवाना लांबला, म्हणून घरचं ट्रेनिंगही लांबलं. ते सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांच्यातले मोठे गृहस्थ घरी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि झालं. त्या क्षणापासून ती आमची पोर कमी आणि मिशनरी जास्त. छातीवर काळा बिल्ला, त्यावर ‘सिस्टर’ आणि पुढे आमचं आडनाव. घरातसुद्धा लावायचा. बाहेर मात्र नाही, इथे धर्माचा प्रचार चालत नाही. खाली ग्रोसरीत दही आणायला जाताना ती बिल्ला काढून फ्रिजवर ठेवायची आणि आल्यावर आधी बिल्ला लावून मग दही फ्रिजमध्ये ठेवायची.

वेळापत्रक मिनिटामिनिटाचं. साडेसहाला उठायचं. गाणी बंद, सिनेमे बंद, मैत्रिणींचे मेसेज बंद. आणि एकटं राहायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. जोडीला एक मुलगी असायलाच हवी. हिची जोडीदारीण केनियात, तिच्या घरी, तीही फिनलंडलाच जाणारी. अभ्यासाच्या वेळात दोघींचे लॅपटॉप कायम उघडे, दोघी समोरासमोर. आमच्या दोघींच्या खोलीत, जिथे एकोणीस वर्षं मी आणि नात झोपलो, तिथे अशी एक तिसरी पोर येऊन बसली. माझं कपाट बरोबर नातीच्या पाठीमागे. मी टॉवेल काढायला गेले की पडद्यातून हात हलायचा, “हॅलो, आजी.” गोड होती पोर. माझी नात मला आजी म्हणते म्हणून तीही म्हणायची. तिला वाटत होतं ते माझं नाव आहे.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात भाषा खरी सुरू झाली आणि माझी पोर बुडायला लागली.

तुला माहितीय, शाळेत कधी ती मागे नव्हती. वर्गात पहिल्या पाचात. आणि आता आठ मुलांच्या त्या वर्गात ती शेवटची. बाकीची मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी त्या भाषेत प्रार्थना म्हणायला लागली, हिला दोन ओळींच्या पुढे जाता येईना. घरभर पिवळ्या चिठ्ठ्या. फ्रिजवर फ्रिजचा शब्द, आरशावर आरशाचा, माझ्या तुळशीच्या कुंडीवर कसला तरी, बहुतेक ‘झाड’ असावं. बाथरूममध्ये नळ सोडून ती एकेक शब्द घोकायची आणि बाहेर येईपर्यंत विसरलेली असायची. जेवताना घास हातात तसाच. वेणी घालायला बसवली तर कंगव्यात केसांचा पुंजका यायचा.

टीचरने सांगितलं होतं, घरात जो कोणी असेल त्याच्याशी बोलून सराव करा. घरात कोण, तर मी. मग रोज अकरा वाजता मला खोलीच्या दाराशी उभी करायची. मी फिनलंडची बाई. ती कपाटावर टकटक करायची, मी दार उघडल्यासारखं करायची. ती “ह्युवा पाइवा” म्हणायची, म्हणजे नमस्कार. मीही म्हणायची. मग ती दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची.

“पुढे?”

“पुढे वर्ड्स नाहीत माझ्याकडे.”

“मी फिनलंडची बाई असते तर एव्हाना तुला आत घेऊन पोहे दिले असते.”

“त्या बायका पोहे देत नाहीत, आजी. दे क्लोज द डोअर.” आणि मग ती खाली बघून म्हणायची, “एन ओसा.” म्हणजे मला येत नाही. दिवसातून इतक्या वेळा म्हणायची की त्या भाषेतलं तेवढं मलाही पाठ झालं.

आता जे सांगते ते नीट ऐक. दर वेळी ती अडखळली की माझं काळीज तुटायचं. आणि त्याच वेळी आत कुठेतरी मला बरं वाटायचं. हो, बरं. नाहीच आली भाषा तर जाणार कशी? ती गेली की या घरात मला काय काम? मुलगा प्रेमानेच म्हणाला होता, “आई, आता तूही गावाला जाऊन आराम कर, खूप केलंस.” मुलाच्या तोंडून ‘खूप केलंस’ ऐकलं की समजावं, झालं तुझं, खलास. गावाला माझं कोण उरलंय ते तुला ठाऊक आहे. तेव्हा तिच्यासाठी रडत होते की माझ्यासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. दुपारी वर्ग चालू होता. पडद्यावर टीचर म्हाताऱ्या माणसाचं सोंग घेऊन दारात उभा, आणि एकेका मुलाने त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचं. मी बाहेर दाराला कान लावून. हिची पाळी आली. नमस्कार झाला, नाव सांगून झालं, आणि मग शांतता. टीचर वाट बघतोय. मग हिचा हुंदका. टीचर बिचारा काहीतरी समजुतीचं बोलला, वर्ग संपला, बाकीची मुलं गेली, आणि ही उठून बाथरूममध्ये गेली. कडी लागली. मी आत शिरले. लॅपटॉप उघडाच होता आणि केनियातली पोर समोर एकटी बसलेली, डोळे पुसत.

माझं इंग्रजी तुला माहीत आहे, देराच्या बाजारात चालेल इतपत. मी तिच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “बेटा, लिसन. माय गर्ल नो ईट, नो स्लीप. लँग्वेज नॉट कमिंग. यू टेल युअर बिग सर, शी नॉट गोइंग. खलास.”

ती पोर घाबरली. हळू विचारलं, “आजी, डिड शी आस्क यू टू टेल मी?”

म्हणजे नातीनेच तुला हे सांगायला सांगितलं का. बाथरूममध्ये नळ चालू होता. मी म्हणाले, “येस.” आणि वर म्हणाले, “बट यू नॉट टेल हर. शी फील शेम.”

बस. एवढंच केलं मी. आणि तू म्हणतेस मी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगच्या प्रमुखांचा कॉल आला. पांढऱ्या केसांचे वयस्कर गृहस्थ, शेजारी त्यांची बायको. नात, मुलगा, सून तिघं समोर, मी स्वयंपाकघराच्या दारात. ते इतकं हळुवार बोलले गं. म्हणाले, आम्हाला कळलंय तुला फार जड जातंय. थांबायचं असेल तर थांब, त्यात काही कमीपणा नाही, देव रागावत नाही. रविवारपर्यंत विचार करून कळव. माझ्या सुनेने कपाळाला हात लावला. मुलाने सुटल्यासारखा श्वास सोडला, मला दिसला तो. आणि नात दगडासारखी बसून होती.

तिला वाटलं, ती नापास झाली. ती नालायक आहे असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय आणि आता गोड बोलून घरी बसवताहेत. “दे डोन्ट वाँट मी,” एवढंच म्हणाली. बिल्ला काढला, फ्रिजवर ठेवला. या वेळी दही आणायला जायचं नव्हतं.

आणि मग ते तीन दिवस. मला हवं होतं तेच झालं होतं ना? पोर घरात होती. सोफ्यावर बसून मी लावीन ती मालिका बघत होती. पुढ्यात ठेवलेलं खात होती, अर्धं. मी विचारलं तर ‘हो’ किंवा ‘नको’. चिठ्ठ्या तिने स्वतःच एकेक करून काढल्या, कुंडीवरचीही. केनियातल्या पोरीचा कॉल यायचा, ही घ्यायची नाही. सून कामावरून आली की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडायची. ती मुलाला म्हणाली, “आपण हिला लहानपणापासून सांगितलं की तू हे करू शकतेस. आता तिला कोण सांगणार?” मुलगा म्हणाला, “जाऊ दे गं, होईल ठीक, इन्शाल्ला.” मी पोळ्या लाटत होते. एकही गोल झाली नाही.

शनिवारी सकाळी दोघं कामावर गेली. मी मेथी निवडायला घेतली, ती समोर बसलेली. टीव्हीवर काहीतरी चालू होतं. मी मेथीकडे बघतच सांगितलं. सगळं. ‘येस’सकट.

तिने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. “तू त्यांना सांगितलंस, मी सांगायला सांगितलं?”

“हो.”

“लाय केलंस.”

“हो गं.”

मला वाटलं ओरडेल, वस्तू फेकेल. ती उठली, आतून लॅपटॉप आणला आणि मेथीच्या ताटाशेजारी ठेवला. केनियाला फोन लावला. प्रमुखांना निरोप टाकला. दहा मिनिटांत तेही पडद्यावर आले, बायकोसकट. मग मला म्हणाली, “यल्ला, चल. आता त्यांना पण सांग. इन फ्रंट ऑफ मी.”

माझ्या हाताला मेथीची माती. पदराला हात पुसले आणि एकोणीस वर्षांत बोलले नसेन इतकं इंग्रजी बोलले. आय लाय. शी नॉट आस्क. आय आस्क. आय ओल्ड, आय अफ्रेड. पडद्यावर दोन चौकोन, एकीकडे ती पोर तोंडावर हात ठेवून, एकीकडे ते दोघं वयस्कर. लग्नात सासरी अपमान झाला होता तेव्हाही मला इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं. त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. त्यांची बायको पुढे झाली आणि म्हणाली, मला अकरा नातवंडं आहेत, मीही असंच काहीतरी केलं असतं, फक्त मी पकडली गेले नसते. केनियातली पोर खुदकन हसली. माझी नात नाही हसली.

मग गृहस्थांनी तिला विचारलं, आजीचं बाजूला ठेव. तुला काय करायचंय?

मला वाटलं होतं, माझं खोटं उघडं पडलं की ती ताडकन म्हणेल, मला जायचंय. तसं झालं नाही. म्हणाली, “आय डोन्ट नो.” खरंच तिला माहीत नव्हतं. मी कबूल केलं म्हणून काही भाषा येणार नव्हती. भाषा तिथेच होती, डोंगरासारखी. ते म्हणाले, मग सोमवारचा बोलण्याचा धडा दे आणि त्यानंतर सांग.

सोमवारी पडद्यावर सोंग नव्हतं, खरीच एक फिनलंडची आजीबाई होती. मी खोलीतून बाहेर निघाले तर नात म्हणाली, “बाहेर नको जाऊस. तू बाहेर असलीस की काय करशील त्याची भीती वाटते मला. इथे बस, मला दिसशील अशी.” बसले. तिने नमस्कार केला, नाव सांगितलं, चार-पाच वाक्यं बोलली, आणि परत तेच. थांबली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मग ती त्या बाईला स्वच्छ म्हणाली, मला येत नाही, आणि रडत होती पण खुर्ची सोडून उठली नाही. ती बाई काहीतरी लांबलचक बोलली. हिने मान हलवली, वहीत बघितलं, पुन्हा एक वाक्य. मग एक. असं वीस मिनिटं. दोघींना एकमेकींचं किती कळलं देव जाणे.

संपल्यावर मी विचारलं, “पास झालीस?”

“यात पास नसतं, आजी.”

“मग भाषा आली?”

“नाही आली,” म्हणाली. फ्रिजवरचा बिल्ला घेतला, लावला. “मी जाणार आहे.”

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात परवाना आला. एअरपोर्टवर आईबापांना मिठी मारून झाल्यावर माझ्यापाशी आली, खांद्यावर डोकं टेकलं आणि कानात म्हणाली, “डोन्ट से येस फॉर मी अगेन.” रागाने नाही म्हणाली. पण म्हणाली.

मोठ्या सेंटरचं ट्रेनिंग आटपून आता ती फिनलंडला पोचलीय. आठवड्यातून एकदा, सोमवारी, घरी बोलायची परवानगी. आपल्याकडे दुपारचे तीन-साडेतीन वाजलेले असतात, मुलगा-सून कामावर, त्यामुळे आधी पाच-दहा मिनिटं मी एकटीच पडद्यासमोर. मग ती दोघं आपापल्या ऑफिसातून जोडली जातात. गाल बसलेत तिचे. गेल्या सोमवारी सांगत होती, एका माणसाने दार उघडलं आणि खूप काही बोलला. हिला एवढंच कळलं की तो चिडलाय. कशावर, ते कळलं नाही. सांगताना डोळे भरले, मग लगेच तोंड फिरवून खिडकी दाखवायला लागली, बघ आजी, बाहेर कसं आहे.

मागे एकदा, दुसऱ्याच कॉलला, मी विचारलं होतं, “येतेस का परत?” तिने तिकडे काहीतरी काम आहे म्हणून ठेवून दिलं. पुढच्या सोमवारी तिने फोन थेट आईला लावला, दवाखान्यात. मी साडेचारपर्यंत लॅपटॉपसमोर बसून होते. नंतर सुनेने सांगितलं, ती म्हणाली, आजी तसं विचारते तेव्हा माझी सगळी ताकद जाते, मग आठवडाभर मला काही येत नाही.

त्यानंतर नाही विचारलं मी. पण तो प्रश्न दर सोमवारी ओठांवर येऊन बसतो गं. तिचा चेहरा दिसला की मी जेवलीस का विचारते, मोजे घातलेस का विचारते, आणि पुढचं वाक्य तेच यायला लागतं. गेल्या वेळी अर्धं तोंडातून निघालं, खोकल्याचं नाटक करून वेळ मारून नेली. एकटी असले की कधीतरी मी ते विचारून बसणार, आणि या वेळी ती खरंच उठून येईल, किंवा मला फोन करायचं बंद करेल. दोन्ही माझ्याच्याने सोसवणार नाही.

तू म्हणाली होतीस ना, तुमच्या ऑफिसात सोमवारी घरूनच काम असतं. मग लॅपटॉप घेऊन माझ्याकडेच ये. आमचं नेट चांगलं आहे. जेवायला काय हवं ते सांग, करून ठेवते. फक्त तीन वाजता माझ्या शेजारी येऊन बस, आणि माझं तोंड त्या प्रश्नाकडे वळतंय असं दिसलं की मांडीला चिमटा काढ. जोरात काढ, हळू काढलास तर मी जुमानणार नाही. पुढच्या सोमवारी बघू म्हणू नकोस. या सोमवारी ये.